लय पळतीया, पैसे कशात घालू?

गणपती झाले की या पानावर अशी पत्रं येणारच. मंडळापुढं नाहीतर सोसायटीत वाजवलेलं असतंय, मग मोबाईलवर रेकॉर्डिंग ऐकून झालेलं असतंय आणि सगळं खापर रिदमवाल्यावर फुटलेलं असतंय. यावेळी कोल्हापुरातली निवडक पत्रं घेतलीत, जरा कापून.

राजारामपुरीतून: आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, गिटार, बेस, कीबोर्ड, ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचं आठ रबरी पॅडांचं इलेक्ट्रॉनिक मशीन) आणि गायक. सगळे नोकरी-धंदेवाले, प्रॅक्टिस फक्त रविवारी. सोसायटीच्या गणपतीत वाजवलं, लोक खूश होते, पण रेकॉर्डिंग ऐकलं तर प्रत्येक गाणं शेवटी शेवटी पळतंय. ऑक्टोपॅड जुना एसपीडी-२० आहे, सेकंडहँड घेतलेला. वर्गणी काढून नवीन मॉडेल घ्यावं म्हणतोय, ६०-७० हजार जातील. घेऊ का?

थांबा, वर्गणी काढू नका अजून. एसपीडी-२० वर आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांनी वर्षानुवर्षं संसार केलेत आणि ते मशीन स्वतःहून काही गाणं पळवत नाही. हां, एखादा पॅड मेला असेल, हलक्या हातानं मारलं की वाजतच नसेल तर गोष्ट वेगळी, कारण मग माणूस सगळंच जोरात मारायला लागतो आणि जोर लावला की हात पुढं पळतो. आठही पॅडवर एकसारख्या हलक्या हातानं मारून बघा, कुठं आवाज गाळतोय का, गाळत असेल तर सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी वाढवून बघा. नाहीच जमलं तर दुरुस्ती.

मग मोजा. मोबाईलवर टॅप टेम्पोचं फुकट ॲप मिळतं, रेकॉर्डिंग लावायचं, मुखड्याला बोट आपटत आकडा लिहायचा, पहिल्या अंतऱ्यानंतर परत, शेवटच्या मुखड्याला परत. मिनिटाला १०४ मात्रांवर उचललेलं गाणं १०७ वर संपलं तर पब्लिकला कळत पण नाही, पण ११६ वर गेलं असेल तर गायकाचे शब्दच गिळले जाणार. आणि किती पळालं यापेक्षा कुठं पळालं ते शोधा. गाणं सगळीकडं सारखं पळत नाही, ठरलेल्या जागी उड्या मारतं, रोल (भरभर ठोक्यांची सर) मारून समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येताना, मधला वाद्यांचा पीस संपून अंतरा उचलताना, आणि शेवटच्या मुखड्याला सगळ्यांनाच एकदम चेव येतो तेव्हा. रोलचं तर असं असतंय की सोळा ठोके टाकायचे ठरलेलं असतं, पण समेची घाई इतकी की तेरा-चौदा टाकूनच गडी हजर, आणि बाकीचे चौघं त्याच्यामागं धावत. यावर औषध जुनंच आहे, रोल तोंडानं म्हणायचा, म्हणता येत नसेल तेवढा जलद मारायचाच नाही.

पण मला खरा संशय वेगळाच आहे, तुम्ही लिहिलं नाही तरी विचारतो. कीबोर्डवाले भाऊ स्टाईल लावून वाजवतात का? कीबोर्डातली ऑटोमॅटिक रिदम खाली चालू आणि वरून ऑक्टोपॅड, म्हणजे एका गाडीला दोन गाडीवान. ऑक्टोपॅडवाला जरा पुढं गेला की कीबोर्डवाला हळूच टेम्पोचं बटण एकदा दाबतो, जुळवून घ्यायला म्हणून, मग परत एकदा, आणि ते बटण वरच जातं, खाली आणायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. तसं असेल तर एकच ठेवा. एक तर स्टाईल बंद करून कीबोर्डवर नुसते कॉर्ड आणि पीस, नाहीतर स्टाईल हाच मालक आणि ऑक्टोपॅडवाल्यानं तिच्या अंगानं वाजवायचं, पण मग ती त्याला नीट ऐकू आली पाहिजे.

रविवारी अजून एक करा. ऑक्टोपॅडवाल्याला चहाला पाठवा आणि बाकीच्यांनी क्लिक (ठरल्या लयीत टिकटिक करणारं मेट्रोनोम ॲप) लावून तेच गाणं वाजवा. बऱ्याच ग्रुपात पळणारा माणूस वेगळाच निघतो, साधारण गिटारवाला, कारण उजवा हात एकदा सुटला की थांबत नाही. क्लिक सगळ्या मात्रांवर लावायचा नाही, त्यानं माणूस आळशी होतो. केरवा ताल असेल तर आठ मात्रांत एकदाच, समेवर, मधलं सगळं तुमचं तुम्ही भरायचं. काही ॲपमध्ये दोन आवर्तनं क्लिक वाजतो आणि दोन आवर्तनं गप्प बसतो अशी सोय असते, तो परत आला की कोण कुठं पोचलाय ते तोंडावरच कळतं. थोडी भांडणं होतील, होऊ द्या.

आणि काउंट एकानंच द्यायचा, तो पण लगेच नाही. मुखडा मनात एकदा म्हणून बघायचा आणि त्या चालीवर एक-दोन-तीन-चार. स्टेजवर धडधडत असतंय, त्या धडधडीवर काउंट दिला की गाणं सुरुवातीलाच पेटतं. गाण्यांच्या यादीत प्रत्येक गाण्यापुढं बीपीएमचा (मिनिटाला किती मात्रा) आकडा लिहून ठेवा, काउंट देणाऱ्यानं मोबाईलवर क्लिकचा लुकलुकणारा दिवा बघायचा, आवाज बंद.

एवढं करून पैसे घालायचेच असतील तर ऑक्टोपॅडवाल्याच्या कानाजवळ घाला. ढोलकीला स्वतःचा आवाज असतो, ऑक्टोपॅडला नसतो. आवाज वायरीतनं मिक्सरला, मिक्सरमधनं पुढच्या स्पीकरला, आणि मागं उभ्या असलेल्या बिचाऱ्याला रबरावरची काठी टक टक ऐकू येते. त्याच्याजवळ एक छोटा ॲक्टिव्ह स्पीकर ठेवा, त्यात त्याचं पॅड, गायक आणि बेस, बाकी काही नको. ७० हजारांच्या मानानं किरकोळ खर्च आहे. स्टँड डगमगत असेल तर उद्यमनगरात नेऊन वेल्डिंग मारून घ्या, हलणाऱ्या स्टँडवर कुणाचाच हात बसत नाही.

ताराबाई पार्कातून, कॉलेजची विद्यार्थिनी: मी बँडमध्ये बेस वाजवते. भावाचा २० वॉटचा गिटार ॲम्प आहे त्यातूनच वाजवते, पण मला माझंच ऐकू येत नाही म्हणून आवाज फुल करते, मग फरफर येते. बाकीचे म्हणतात तू मागं पडतेस. बेसचा ॲम्प घ्यायची ऐपत सध्या नाही.

आधी भावाचा ॲम्प वाचव. बेसची सगळ्यात जाड तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते, गिटारची त्याच्या दुप्पट, ८२ वर. गिटारच्या छोट्या स्पीकरला एवढा खालचा सूर झेपत नाही, कोन लांब लांब उडतो आणि एक दिवस फाटतो, ती फरफर त्याचीच नोटीस आहे. दुकानदारानं काही सांगितलं तरी खालच्या सुराला वॉट जास्तच लागतात, ऑक्टोपॅड जोरात असेल तर प्रॅक्टिसला पण १०० वॉटच्या आसपासचा बेस ॲम्प धर, सेकंडहँड चालतो, नवाच पाहिजे असं काही नाही.

तोवर एक डीआय बॉक्स (वाद्याची वायर मिक्सरला जोडायची छोटी डबी) घे आणि बेस सरळ मिक्सरला दे, साधा पॅसिव्ह असला तरी चालेल, फक्त तुझ्या बेसमध्ये बॅटरी आहे का बघ, बॅटरी नसलेल्या बेसला ॲक्टिव्ह डीआय जास्त मानवतो. लांब वायरीला येणारी गुणगुण पण त्यानं कमी होते. मंडपात अर्थिंग कसलं असतं ते तुला माहीतच आहे.

मागं पडण्याचं म्हणशील तर ऐकू न आल्यावर दुसरं काय होणार, तू त्यांचं ऐकून मग वाजवतेस. ऑक्टोपॅडवाल्याच्या डाव्या अंगाला अशी उभी राहा की त्याची काठी पॅडवर पडताना दिसेल. किकचं, म्हणजे बेस ड्रमच्या आवाजाचं पॅड कोणतं ते विचारून घे आणि पहिले काही रविवार फक्त किकबरोबर सूर लाव, मधली नक्षी सगळी काढून टाक. अजून एक गोष्ट बेसवाले विसरतात, सूर कधी सुरू झाला याच्याइतकंच तो कधी तोडला यानं ठेका बसतो. डाव्या हाताचं बोट जरा सैल केलं की सूर मरतो, तिथं तोड, बघ गाणं कसं उभं राहतंय.

मंगळवार पेठेतून: मंडळापुढं रस्त्यावरच वाजवलं. साउंडवाल्यानं स्पीकर आमच्यापासून बरेच पुढं लावले, मॉनिटर, म्हणजे आमच्याकडं तोंड केलेला स्पीकर नव्हता. घरात एकदम टाईट वाजवणारा ग्रुप तिथं ढेपाळला, गायक तर प्रत्येक ओळ उशिरा उचलत होता. भीतीनं झालं काय?

भीती असेल थोडी, पण जास्त हात हवेचा आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्पीकर १५ मीटर पुढं असेल तर त्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला ४४ मिलिसेकंद लागतात, आणि गायक जर तेच ऐकून म्हणत असेल तर तो मागंच राहणार. त्यात समोरच्या इमारतीवर आपटून येणारा आवाज धरा. भिंत ३० मीटरवर असली की जाऊन-येऊन ६० मीटर, म्हणजे १७५ मिलिसेकंद. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदाची असते, म्हणजे मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाएवढा उशिरा अजून एक ऑक्टोपॅड तुमच्यासमोर वाजतोय. अशात इस्कोट होणारच की.

पुढच्या खेपेला सुपारी घेतानाच साउंडवाल्याला सांगा, पुढचे दोन टॉप स्पीकर कमी लाव पण एक मॉनिटर पाहिजे. तो नाही म्हणाला तर ऑक्टोपॅडवाल्याजवळ ठेवायला वर जो छोटा स्पीकर सांगितलाय त्याच्याजवळ गायकाला आणा, माईकची पाठ स्पीकरकडं ठेवून, नाहीतर शिट्टी वाजेल. आणि सगळ्यांनी गोलाकार उभं राहा, ऑर्केस्ट्रावाल्यांसारखं एका रांगेत पब्लिककडं तोंड करून नको. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद करायची वेळ जवळ आली की यादी उरकायच्या नादात पण लय चढते, दोन गाणी गाळा त्यापेक्षा.

कळंब्यातून: आमचा ऑक्टोपॅडवाला ब्लूटूथ इअरबडवर क्लिक ऐकतो. कुणीतरी सांगितलं ब्लूटूथमध्ये आवाज उशिरा येतो, म्हणून त्याला वायरीचं घ्यायला लावलंय. बरोबर आहे ना?

अर्धं बरोबर. ब्लूटूथमध्ये १५०-२०० मिलिसेकंद उशीर सहज होतो, पण फोनमधनं क्लिक कधी निघाला याच्याशी कुणाला काय देणंघेणं, क्लिक एकट्या त्याच्याच कानात आहे आणि बाकीचे त्याच्या मागं चाललेत, तर उशीर सगळीकडं सारखाच, काही बिघडत नाही. बिघडतं दोन ठिकाणी. रेकॉर्ड केलेला ट्रॅक मिक्सरमधनं पब्लिकला आणि क्लिक ब्लूटूथवर असेल तर दोघांची फारकत. आणि तो स्वतःचं पॅडच इअरबडमधनं ऐकत असेल तर काठी आत्ता, आवाज मग, असं कुणीच वाजवू शकत नाही. ट्रॅक वापरत असाल तर डाव्या बाजूला क्लिक, उजव्या बाजूला ट्रॅक अशी फाईल करा, वाय केबलनं डावं त्याच्या कानात, उजवं मिक्सरला. आणि फोन फ्लाईट मोडवर, नाहीतर अंतऱ्यात मावशीचा कॉल.

शाहूपुरीतून, बँकेतून निवृत्त: आयुष्यभर भजनी मंडळात ढोलकी वाजवली. आता पुतण्याच्या गिटारवाल्या ग्रुपात वाजवतो. पोरं म्हणतात काका, क्लिकवर वाजवा. माझं म्हणणं, लय चढल्याशिवाय रंग येत नाही. तुम्ही काय म्हणता?

काका, तुम्ही पण बरोबर आणि पोरं पण. ज्या कोल्हापुरात १८८३ पासून देवल क्लबसारखी गाण्याची संस्था आहे तिथं लय वाढवण्याला चूक कोण म्हणेल? गजराला लय चढलीच पाहिजे, ती सगळ्या टाळकऱ्यांना घेऊन चढते, कुठं चढवायची ते ठरलेलं असतं. पोरांचं गाणं एका लयीवर बांधलेलं असतं, गिटारचा ठेका जलद झाला की त्यांची बोटं अडकतात, शब्द पण. तेव्हा कुठलं गाणं चढवायचं आणि कुठलं धरून ठेवायचं ते आधीच बोलून घ्या, चढवायच्या गाण्याला क्लिक लावूच नका.

बाकीच्याला प्रॅक्टिसपुरता लावा, पण आवाज बदलून. ॲपमध्ये बहुतेक लाकडी ठोक्यासारखा टिक असतो, तो तुमच्या ढोलकीच्या चाटीत (कडेच्या कडक ठोक्यात) हरवतो, मग तुम्ही क्लिक वाढवा म्हणता आणि कान दुखतात. घंटीचा नाहीतर माणसाच्या आवाजातला एक-दोन-तीन-चार घ्या. ढोलकी दोरीची असेल तर पोरांच्या स्टेजसाठी एक नटबोल्टची ठेवा, पावसाळी हवेत दोरीची उतरते आणि दोन गाण्यांच्या मधे हातोडी घेऊन बसायला ही पोरं वेळ देत नाहीत. पाना मात्र खिशात ठेवा, पुतण्याच्या बॅगेत नको.