लो बीमवरही समोरचे डिपर का मारतात?

प्रश्न : माझ्या बाइकचा दिवा लो बीमवर असतानाही समोरचे डिपर मारतात. घाटात हाय बीम कायम ठेवला तर चालेल का?

उत्तर : कायम नको. मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर हाय बीम जरूर वापरा. समोर गाडी दिसताच, किंवा कोणाच्या मागे असाल तर, लो करा. आंधळ्या वळणाआधी पास स्विच (हाय बीम क्षणभर चमकवणारं बटण) दोनदा दाबला की पुरे. धुक्यात हाय बीम उलटा आपल्याच डोळ्यांवर येतो.

तुमची खरी अडचण दिव्याच्या कोनात दिसते. टायरमध्ये हवा बरोबर भरा, भिंतीपासून 5 मीटरवर गाडी सरळ धरून वर बसा. दिव्याच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने खूण करा. लो बीमची वरची कड खुणेच्या साधारण 5 सेंटीमीटर खाली हवी. नसेल तर हेडलाइटचा स्क्रू फिरवा. मागे कोणी बसलं की शेपूट दबते, झोत वर जातो, म्हणून नेहमी डबलसीट जात असाल तर दोघं बसूनच मापा.

हॅलोजनच्या जागी स्वस्त एलईडी बल्ब टाकलाय का? मग स्क्रू फिरवून फारसा फरक पडणार नाही. दिव्यातला रिफ्लेक्टर (चकचकीत वाटी) हॅलोजनच्या फिलामेंटच्या, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारेच्या, जागेनुसार घडवलेला असतो. एलईडीची उजेड देणारी चिप त्या जागेपासून जरा सरकली तरी उजेड फाकतो. मूळ बल्ब परत लावा.