पोटाची वही

चिरंजीव मुलीस अनेक आशीर्वाद.

डॉक्टरांनी आयबीएसचे, म्हणजे वरचेवर पोट दुखून शौचाची तक्रार राहण्याच्या आतड्याच्या दुखण्याचे, निदान करून लक्षणांची नोंद ठेवायला सांगितली, पण नेमके काय लिहायचे ते कळत नाही, असे तू कळवलेस. हे दुखणे मी बरीच वर्षे सांभाळत आले आहे, म्हणून अनुभवाचे तेवढे लिहिते.

शेवटी जे खाल्ले त्यालाच दोषी धरण्याची घाई करू नकोस. रविवारी मिसळ खाताना पाव संपतो न संपतो तोच मुरडा आला, की आपण मिसळीला नावे ठेवून मोकळे होतो. वास्तविक पोटात अन्न पडले की मोठे आतडे हलू लागते, आयबीएसमध्ये ती हालचाल अधिक जाणवते, आणि त्या वेळी बाहेर पडते ते आदल्या दिवसाचे किंवा त्याही आधीचे अन्न असते. कांदा-लसणातील फ्रुक्टान नावाचे कर्बोदक मात्र लहान आतड्यात पचत नाही. ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि पोट फुगते, ते काही तासांनी. तिखट काहींना सोसत नाही हे खरेच, पण आपल्या कोल्हापुरी चटणीत मिरचीबरोबर कांदा-लसूणही असतो, त्यामुळे ‘तिखट खाल्ले’ एवढेच लिहून भागणार नाही.

खाण्याची वेळ आणि त्रासाची वेळ वेगवेगळी लिही. कळ 0 ते 10 या अंकांत मांड. शौचासाठी ब्रिस्टल तक्त्याचा आकडा पुरे, त्यात 1 म्हणजे खड्यांसारखे कठीण आणि 7 म्हणजे निव्वळ पाणी. झोप, ताण आणि पाळीची तारीखही टिपून ठेव.

माझ्या वहीतली एक नोंद अशी: ‘सोमवार. सकाळी 7, गंगावेशीत धारोष्ण दूध, एक ग्लास. 9.40, पोट फुगले, कळ 6, शौच 6. झोप साडेचार तास.’ दोन आठवडे मी दुधावरच राग धरून होते. पण गुरुवारी तेवढेच दूध पिऊनही काही झाले नव्हते, हे त्याच वहीत सापडले, आणि त्या दिवशीची झोप सात तासांची होती. दुधाला मी अगदी निर्दोष सोडले नाही, परंतु बऱ्या दिवसाची नोंद नसती तर झोपेकडे लक्षच गेले नसते.

गहू आपल्या मनाने बंद करू नकोस. आधी सीलिॲक रोगाची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या रोगाची, रक्ततपासणी होऊ दे, कारण गहू सोडल्यावर तिचा निकाल फसवा येऊ शकतो. शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, ताप किंवा झोपेतून उठवणारे जुलाब, यांपैकी काही दिसले तर लिहीत न बसता डॉक्टरांना गाठ.

तीन-चार आठवड्यांनी वही थांबव. सतत पोटाकडेच लक्ष ठेवल्याने दुखणे वाढते, हे मी स्वतः भोगले आहे.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा वही सोबत आण. पांढरा रस्सा मी वाढीन, वेळ तू लिहायची.