ट्रंकिंग वॉकी-टॉकीवर बटण दाबलं की लगेच बोलता का येत नाही? साधा रिपीटर बरा नव्हता का?

तुम्ही साखर कारखान्याच्या सिक्युरिटीत आहात. नव्या सेटवर आधी टोन येतो, कधी 'बिझी' येतं, मग यात पैसे घालायचे कशाला, असा तुमचा प्रश्न. याच मुद्द्यावर मी सांगली जिल्ह्यातल्या एका कारखान्यात अख्खा गळीत हंगाम भांडलोय, त्यामुळे उत्तर लांबणार.

रिपीटर म्हणजे सेटचा आवाज पकडून जोरात पुढे पाठवणारं यंत्र. साध्या रिपीटरवर जो चॅनेल लावलाय त्यावर बटण दाबलं की सेट थेट हवेत. आधीच कुणी बोलत असेल तर तुम्ही त्याच्यावर चढता आणि दोघांचाही चिवडा होतो. ट्रंकिंगमध्ये सेटला स्वतःचा चॅनेल नसतोच. चालू केला की तो कंट्रोल चॅनेल (बोलण्याचा नाही, फक्त निरोपांचा) शोधतो, आपला नंबर आणि ग्रुप सांगून हजेरी लावतो आणि तिथंच कान लावून बसतो. बटण दाबल्यावर आधी आवाज नाही, फक्त एवढुसा डेटा जातो: मी अमुक नंबर, मला यार्ड ग्रुप पाहिजे. कंट्रोलर, म्हणजे चॅनेल वाटून देणारं यंत्र, मोकळी जागा बघतो आणि सांगतो, यार्डवाले तीन नंबरवर या. तुमचा सेट आणि ग्रुपमधले बाकीचे सेट एकदम तिकडे जातात, तुम्हाला टोन मिळतो. सगळं मिळून अर्धा सेकंदसुद्धा नाही. बोलणं संपलं की सगळे परत कंट्रोल चॅनेलवर. डिस्टिलरीवाल्यांना तुमचं ऐकू येत नाही ते यामुळेच, त्यांच्या सेटला कुणी बोलावलेलंच नसतं. एकट्याशी बोलायचं असेल तर ग्रुपऐवजी त्याचा नंबर जातो, बाकी तेच.

आता भांडण. 2019 च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली (धोक्याची पातळी 45), आणि आमच्या भागात मोबाइलने मान टाकली. त्यानंतर या कारखान्याने वायरलेस मनावर घेतलं. डीएमआरचे (ही डिजिटल वॉकी-टॉकीची एक पद्धत) तीन रिपीटर, प्रत्येकावर आळीपाळीने चालणारे दोन टाइमस्लॉट, म्हणजे सहा वाटा. एक कंट्रोलला गेली, पाच बोलायला उरल्या. पहिल्याच मीटिंगला शेती अधिकारी म्हणाले, "ते ट्रंकिंग-फिंकिंग ऱ्हाऊ द्या. आमचा च्यानल आमास्नी वेगळा द्या. सीझनला काम अडलं तर जबाबदार कोण?" झालं. मग मिल हाऊसला वेगळा, बॉयलरला वेगळा, डिस्टिलरीला वेगळा, सिक्युरिटीला वेगळा. पाच वाटा, पाच खाती, साहेबलोक खूश. मी नको म्हणत होतो, पण बिल काढणारा ऐकत नाही तेव्हा तंत्रज्ञाने काय करायचं?

हंगाम रंगात आला. यार्ड भरलेलं, ट्रॉल्यांची रांग पार हायवेपर्यंत, वजनकाट्यावर कल्ला. एका रात्री मी काट्याच्या खोलीत दोन्ही हातांत एकेक सेट घेऊन उभा. शेतीच्या सेटवर ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय, मुकादम, काटा क्लार्क एकमेकांवर ओरडतायत, एक वाक्य धड पोचत नाही. डिस्टिलरीच्या सेटवर शुकशुकाट. मध्येच एकजण चहा आला का विचारतो, पुन्हा शुकशुकाट. शेजारचा चॅनेल रिकामा आणि इथं गाड्या अडलेल्या!

मिरज जंक्शनला पाच खिडक्या असल्या आणि रांग एकच असली तर जी खिडकी मोकळी होईल तिथं पुढचा माणूस जातो, तसं ट्रंकिंग आहे. यामागचं गणित एर्लांग नावाच्या डॅनिश माणसाने टेलिफोन एक्स्चेंजसाठी मांडलं, 1909 पासून. पाचही खात्यांना एकेक वाट सरासरी 40 टक्के वेळ लागते असं धरा. वाटा वाटून दिल्या तर 100 पैकी 28-29 कॉल अडतात. त्याच पाच वाटा सगळ्यांत मिळून ठेवल्या तर 4 सुद्धा नाही. मी हा कागद मीटिंगमध्ये ठेवला होता. शेती अधिकाऱ्यांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला.

शेवटी एमडींनी स्वतः यार्डातली बोंबाबोंब ऐकली आणि हंगामाच्या मध्यात ट्रंकिंग चालू झालं. तर आठवड्याभरात नवीन तक्रार. काटा क्लार्कने बटण दाबल्या दाबल्या, टोनच्या आधीच सांगितलं, "नाही झाला काटा रिकामा." पलीकडे पोचलं, "झाला काटा रिकामा." दोन ट्रॅक्टर नाकाला नाक लावून उभे. "बघा तुमची सिस्टिम," अधिकारी म्हणाले. सिस्टिम काय करणार? जागा मिळायच्या आधी बोललेलं कुठं जाणार? बटण दाबा, टोन ऐका, मग तोंड उघडा. तुमच्या गार्डांना एवढं शिकवलंत तरी निम्म्या तक्रारी बंद होतील.

'बिझी' म्हणजे सगळ्या वाटा भरल्यात आणि तुमचा नंबर लागलाय. बटण सोडा, जागा झाली की सेट स्वतः टोन देतो. सारखं दाबत बसू नका. इमर्जन्सी बटणाला रांगेत पुढचा मान असतो, पण ते चहासाठी नाही. रोजच बिझी येत असेल तर वाटा कमी आहेत किंवा कुणीतरी गप्पा हाणतंय. आधी गप्पा तपासा.

आता घ्यावं का? पंधरा-वीस सेट आणि एकच गेट-यार्ड असेल तर नको, साधा रिपीटर पुरतो. कंट्रोलर बंद पडला तर सिस्टिम साध्या रिपीटरवर येते का, हे डीलरकडून करून दाखवून घ्या, कागदावर नको. रिपीटरच बंद पडला तर सेट-टू-सेट बोलायचा चॅनेल सेटमध्ये आधीच भरून ठेवा. रिपीटर म्हटला की डब्ल्यूपीसीचं (केंद्र सरकारचा वायरलेस परवाने देणारा विभाग) लायसन्स आलंच. 446 मेगाहर्ट्झचे बिनपरवान्याचे छोटे सेट या कामाचे नाहीत.

आणि ग्रुप हवे तेवढे करा, वाटा मात्र वाटू नका. कुणी खातेप्रमुख स्वतंत्र चॅनेलसाठी अडून बसला तर त्याला स्वतंत्र रिपीटर द्या, लायसन्स फीसकट, त्याच्या खात्याच्या बजेटातून.