जुन्या बाजारातलं शौर्यपदक खरं की खोटं?

प्रश्न : पुण्याच्या जुन्या बाजारात एकाकडे इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल बघितलं, कडेवर नंबर, नाव आणि ११७ मराठाज असं कोरलंय, भाव जाम सांगतोय. घेऊ का? आणि काळं पडलंय ते घासून चकचकीत करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी घासायचं डोक्यातून काढा! चांदी काळी पडणारच, पण पॉलिश मारलं की पदकावरच्या ब्रिटिश राजाच्या मुखवट्याचं नाक आणि केस सपाट होतात, किंमत गेलीच म्हणून समजा. आता खरं-खोटं. इंग्रजांच्या फौजेतल्या हिंदी सैनिकांसाठीचं हे मेडल १९०७ साली सुरू झालं, मागे पानांच्या माळेत फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस लिहिलेलं असतं, पण खरी गंमत कडेत आहे, कारण या पदकांचे भाव नावावर आणि पलटणीवर ठरतात, म्हणून लबाड लोक साध्या शिपायाचं नाव घासून काढतात न् भारी नाव टाकतात. घासलं की तिथली धातू कमी होते, सो कॅलिपर घ्या आणि सगळीकडून व्यास मोजा, एका जागी कमी भरला तर सरळ उठा. मग तेच नाव आणि नंबर गॅझेट ऑफ इंडियात, म्हणजे त्या काळच्या सरकारी राजपत्रात, सापडतो का बघा. ११७ मराठाज पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कुतच्या वेढ्यात अडकलेली पलटण, म्हणजे नाव जुळलं तर चीज दुर्मिळच, बाकी भावात घासाघीस करा की, पदकावर नको. आणि हो, शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याने परदेशात विकता येत नाही, तेव्हा लंडनच्या लिलावाची स्वप्नं नकोत.