आधी स्पीकर, रिसीव्हर मागाहून

होम थिएटर सुधारायचंय, तर आधी काय बदलू म्हणतोस? रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज पुरवणारा अॅम्प्लिफायरचा डबा, धड चालतोय ना? मग राहू दे तो. पैसे पुढच्या दोन स्पीकरांत आणि सेंटरमध्ये, म्हणजे त्यांच्या मधल्या स्पीकरमध्ये, घाल. सिनेमातले बहुतेक संवाद सेंटरमधूनच येतात. मागचे जुने चालतील. ८ ओहमचे (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचा आकडा) बघ, ४ ओहमला स्वस्तातला रिसीव्हर तापतो. सेकंडहँड घेणार असशील तर कोनाच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) कडेची रिंग बोटाने हलकेच दाबून बघ. फोमची असेल तर सोडून दे, आपल्या मालवणच्या दमट हवेत तिचा भुगा होतो. रबराची टिकते. खाऱ्या वाऱ्याने वायरीची टोकं हिरवी पडतात, ती पावसाळा सरला की कापून नव्याने सोल. सबवूफर (फक्त खर्जाचा स्पीकर) असेल तर क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याच्या खालचा खर्ज सबवूफरकडे जातो ती हद्द, ८० हर्ट्झला ठेव. आणि वळवाचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढ, डिशची केबलसुद्धा. स्टॅबिलायझर आभाळातली वीज अडवत नाही रे!