लग्नाच्या जुन्या कॅसेटची डीव्हीडी केली, पण होम थिएटरवर बोलणं नीट ऐकू येत नाही. कुठलं होम थिएटर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की खानापूरच्या घरातली 1995 ची लग्नाची व्हीएचएस कॅसेट दुकानातून डीव्हीडीवर करून घेतली. होम थिएटरवर बँड नुसता घुमतो आणि आजी काय म्हणते ते कळत नाही. म्हणून नवा सेट घ्यायचा विचार आहे.

नवा सेट घेऊ नका. आधी कॅसेट परत उतरवून घ्या. मी बेळगावात, शहापूरला, हेच काम करतो. अशा तक्रारीत दोष बहुतेक वेळा स्पीकरचा नसतो, उतरवतानाच आवाज मेलेला असतो.

व्हीएचएसची पट्टी अर्धा इंच रुंद. साधा आवाज तिच्या कडेला जेमतेम 1 मिलिमीटर जागेत असतो, तोही मोनो, म्हणजे डावा-उजवा असा वेगळा नसलेला एकच आवाज. पट्टी सेकंदाला 2.34 सेंटिमीटर सरकते. गाण्यांची ऑडिओ कॅसेट याच्या दुप्पट वेगानं चालायची, यावरून अंदाज करा. त्यामुळे बारीक, तीव्र स्वर आधीच कमी असतात. त्यात व्हीसीआरचं, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्राचं, ऑडिओ हेड (पट्टीवरचा आवाज वाचणारा भाग) जरासं तिरकं बसलेलं असलं तर उरलेलेही जातात आणि माणसं तोंडावर पदर धरून बोलल्यासारखी वाटतात.

मागच्या पावसाळ्यात खानापूरकडचीच एक कॅसेट आली होती. घास भरवताना नवरी उखाणा घेते, भोवती बायकांचा गलका, कुणी कन्नडमध्ये चिडवतंय, कुणी मराठीत उत्तर देतंय, आणि नेमकं नवऱ्याचं नाव ऐकू येईना. व्हीसीआर उघडून हेडशेजारचा स्क्रू कानानं अंदाज घेत अगदी हलका फिरवला. पाव फेरासुद्धा झाला नसेल, तोच नावातला ‘श’ स्पष्ट उमटला. कॅसेट घेऊन आलेल्या बाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला. नंतर तेवढाच तुकडा त्यांनी चार वेळा लावायला सांगितला. म्हणून दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, की माझ्या कॅसेटप्रमाणे हेड जुळवून घेणार का? प्रश्नच कळला नाही तर दुसरीकडे जा.

तुमच्या भागात पाऊस फार, तेव्हा आधी कॅसेटच्या खिडकीतून पट्टी बघा. पांढरी बुरशी दिसली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतं आणि पुढच्या कॅसेटलाही लागण होते. आधी सफाई करून घ्या. आणि सोयऱ्यांकडे चौकशी करा. मुलाकडे एक, मुलीकडे एक अशा प्रती दिलेल्या असायच्या, त्यातली कमी वाजवलेली घ्या. प्रतीची प्रत नको, प्रत्येक वेळी आवाज आणखी मळतो.

डीव्हीडी मारताना लोक काटकसर करतात तिथे नुकसान होतं. तीन तासांची कॅसेट 4.7 जीबीच्या एकाच डिस्कवर कोंबली की चित्र चौकटी-चौकटीचं होतं. दीड-दीड तासाच्या दोन डिस्क करा. सेटिंग पालचं (आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीचं) हवं, म्हणजे चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं, सेकंदाला 25 फ्रेम. आवाज 48 किलोहर्ट्झ.

आता तुमच्या ‘घुमण्याचं’ कारण. मोनो व्हीसीआरची एकच ऑडिओ वायर पांढऱ्या पिनेत लावून उतरवलं की आवाज फक्त डाव्या बाजूला येतो. तो दोन्ही बाजूंना सारखा भरून घ्यायला सांगा. मग होम थिएटर प्रो लॉजिकवर (दोन बाजूंचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटून देणाऱ्या सेटिंगवर) ठेवलं की बोलणं आपोआप मधल्या स्पीकरमधून येतं. ‘हॉल’, ‘स्टेडियम’ असली बटणं बंद ठेवा. मोनोचं 5.1 (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांचा वेगवेगळा आवाज) करून देतो म्हणणाऱ्याला जादा पैसे देऊ नका, कॅसेटवर जे नाही ते तो कुठून आणणार?

सबवूफर, म्हणजे जाड, खालच्या आवाजाचा स्पीकर, तोही कमी करा. या पट्टीवर 100 हर्ट्झच्या खाली कामाचं फारसं काही नसतं, तिथे असते ती विजेची 50 हर्ट्झची घरघर. मधला स्पीकर शोकेसच्या कप्प्यातून काढून कानाच्या उंचीला ठेवा. खाली शहाबादी फरशी असेल तर जाड सतरंजी अंथरा, खिडकीला पडदा लावा. या दोन गोष्टींनी बोलणं किती मोकळं होतं ते बघाच.

डीव्हीडीवर विसंबू नका, घरी मारलेल्या डिस्क काही वर्षांत दगा देऊ शकतात. उतरवलेली मूळ फाइल हार्ड डिस्कवर मागून घ्या, आणखी एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. कॅसेट टाकू नका. तिच्या पाठीच्या कोपऱ्यातली प्लास्टिकची पट्टी अजून शाबूत असेल तर आजच मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही रेकॉर्ड होणार नाही.