माहितीपत्रकावर साल नसेल तर

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत एअर-इंडियाची जुनी माहितीपत्रकं आणि वेळापत्रकं सापडली. बहुतेकांवर सालच नाही. काळ कसा ओळखावा? मधल्या पिना गंजल्या आहेत, त्या काढाव्यात का?
– एक वाचक

उत्तर : आधी कंपनीचं नाव वाचा. 'टाटा एअरलाइन्स' (हीच पुढे एअर-इंडिया झाली) असेल तर कागद १९४६च्या जुलैअखेरपूर्वीचा. 'एअर-इंडिया इंटरनॅशनल' १९४८ मध्ये स्थापन झाली आणि १९६२ मध्ये नावातला 'इंटरनॅशनल' गेला. देशांतर्गत सेवांचं १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं, तेव्हा आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स झाली. त्यांतल्या डेक्कन एअरवेज किंवा भारत एअरवेजचा कागद निघाला तर तो सगळ्यांत आधी जपा.

नावाने मिळालेला काळाचा पट्टा मोठा असतो, तो बारीक छपाईने आवळा. दरांत आणे असतील तर कागद साधारण १ एप्रिल १९५७ पूर्वीचा. नये पैसे असतील तर १९५७ ते १९६४. न्यूयॉर्कचा विमानतळ 'आयडलवाइल्ड' लिहिलाय? एअर-इंडिया तिथे १९६० मध्ये पोहोचली आणि १९६३ च्या डिसेंबरात त्या विमानतळाला केनेडींचं नाव मिळालं. त्याच पानावर 'इंटरनॅशनल'ही असेल तर उरतात १९६० ते १९६२. एकट्या विमानाच्या चित्रावर मात्र विसंबू नका. बोइंग ७०७ ताफ्यात १९६० मध्ये आलं, ७४७ १९७१ मध्ये. पण जाहिरात विमानाच्या आधीच सुरू होते आणि विमान पुढे कित्येक वर्षं उडत राहतं.

पिना जरूर काढा. दमट हवेत गंज वाढतो आणि भोवतीचा कागद ठिसूळ करतो. मधलं पान उघडा, पिनेच्या पायांखाली जाड कागदाची पट्टी सरकवा, पातळ बोथट पात्याने पाय सरळ करा आणि पीन कण्याच्या बाजूने ओढून घ्या. पीन उपसायचा चिमटा वापरू नका. तो कागदावरच जोर देतो आणि भोकं फाटतात. नंतर त्याच भोकांतून सुती दोरा ओवून आत सैल गाठ मारा.

गुळगुळीत पानं एकमेकांना चिकटली असतील तर ओढू नका. ओलीमुळे वरचा लेप मऊ होऊन चिकटलेला असतो, ओढलं की चित्रासकट सोलून निघतो. ते काम कागद-संवर्धकाचं. बाकीची पॉलिएस्टरच्या पाकिटात आडवी ठेवा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यांतलं मऊ करणारं द्रव्य शाई उचलतं. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन तर अजिबात नको. ठरवलेला काळ आणि कोणत्या खुणेवरून ठरवला ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलने लिहून पाकिटाबरोबर ठेवा.